देवाने हात कमरेवर का ठेवले?

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याने करंजीचा घाट ओलांडला की पुढे तिसगाव लागते. एका अंगाला मढीचे कानिफनाथ, एका अंगाला वृद्धेश्वराचा डोंगर, पुढे मोहट्याची देवी. असा हा सगळा नाथांचा आणि देवीचा मुलूख. तरी घरोघर तुळशीची माळ आहे आणि गावोगाव सप्ताह होतात. यात विसंगती काहीच नाही, कारण आमच्या माउलींची गुरुपरंपराच मुळी नाथांची. फाल्गुनात तर इकडच्या भाविकांची मोठी धांदल असते. वद्य पंचमीला मढीची यात्रा आणि लगेच दुसऱ्या दिवशी षष्ठीला पैठणास नाथमहाराजांची. जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली ते नेवासेही याच जिल्ह्यातले.

अशाच एका सप्ताहात, तिसगावच्या शिवारालगतच्या एका वस्तीवर, प्रवचनाची सेवा माझ्याकडे होती. विषय घेतला होता ईश्वराच्या सत्तेचा. मंडळी तल्लीन होती, आणि बोलण्याच्या भरात मी चारदोन वेळा म्हणून गेलो की, बाबांनो, त्याच्या इच्छेवाचून झाडाचे पानदेखील हालत नाही. माना डोलल्या. पंगत झाली, माणसे पांगली, आणि मांडवाच्या खांबाला टेकून एक म्हातारी तेवढी बसून राहिली. मी जवळून जाऊ लागलो तशी तिने हाक मारली.

“म्हाराज, त्याच्या इच्छेबिगर पान हालत न्हाई म्हनला ना तुमी?”

“होय माय.”

“मंग माझं पोरगं रोज सांच्याला गुत्त्याकडं जातंय, ते कोनाच्या इच्छेनं?”

मग तिने सगळे सांगितले. पोरगा ऊसतोडीला जाणारा. कारखाने सुरू व्हायच्या आधी मुकादमाकडून उचल घ्यायची, निम्मीअधिक दारूत घालायची, आणि ती फेडायला सारा हंगाम कोयता चालवायचा. बायको मार खाऊन खाऊन शेवटी दोन लेकरे घेऊन माहेरी गेलेली. म्हातारीने मढीला नारळ वाहिले, मोहट्याला ओटी भरली, एकादश्या धरल्या. फरक पडला नाही. “त्याच्या मनात आलं तर एका घडीत माझ्या लेकाचं मन फिरवील,” ती म्हणाली, “मंग त्यो फिरवत का न्हाई?”

मी दमलेलो होतो. तोंडाला आले ते उत्तर दिले, “माय, प्रारब्ध आहे. ज्याचे भोग त्याला.”

म्हातारी उठली. पिशवी काखेला मारली आणि जाता जाता एवढेच म्हणाली, “प्रारब्धानंच समदं व्हायचं, तर तुमी एवढा घसा कशापायी कोरडा करता?”

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हातारीने माझी चूक बरोबर धरली होती. प्रवचनात मी देवाला सर्व सत्ता दिली होती, आणि त्याच प्रवचनाच्या शेवटी ‘नाम घ्या, व्यसने सोडा, परस्त्री मातेसमान माना’ असा उपदेशही केला होता. पान जर हालायचेच नसेल, तर पानाला उपदेश कोणी करील काय? आणि उपदेश करायचा असेल, तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीतरी आहे हे मानलेच पाहिजे. हा प्रश्न त्या एका माउलीचा नाही. ज्याच्या घरात कोणी वाट चुकलेले आहे, त्या प्रत्येकाचा आहे. म्हणून तो यथामती सोडवून पाहतो.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. गीतेच्या अठराव्या अध्यायात एकसष्टाव्या श्लोकात भगवंत सांगतात की ईश्वर सर्वांच्या हृदयात बसला आहे आणि सारी भुते त्याच्या मायेने फिरत आहेत. झाले! पान हालत नाही, या म्हणण्याला याहून मोठा आधार कोणता? पण पोथी मिटू नका, दोनच श्लोक पुढे जा. त्रेसष्टाव्या श्लोकात तेच भगवंत त्याच अर्जुनाला म्हणतात की मी तुला गुह्यातले गुह्य सांगितले. आता याचा नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. फिरवणारा तोच, आणि ‘तुझे तू ठरव’ म्हणणाराही तोच. मध्ये फक्त एका श्लोकाचे अंतर. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, माउलींनी नेवाशास या दोन्ही श्लोकांवर सारख्याच प्रेमाने ओव्या सांगितल्या आणि सच्चिदानंदबाबांनी त्या लिहून घेतल्या. एक श्लोक खरा आणि दुसरा उपचाराचा, असे माउलींनी मानले नाही. मग आपण कोण मानणार?

दोन्ही खरे कसे, याची किल्ली त्याच अध्यायात आधी, चौदाव्या श्लोकात दिलेली आहे. कोणतेही कर्म घडायला पाच कारणे लागतात, असे भगवंत सांगतात: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या क्रिया, आणि पाचवे दैव. आमच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. जमीन हे अधिष्ठान, तो स्वतः कर्ता, पाभर असो की ट्रॅक्टर असो ते साधन, नांगरट, पेरणी, खुरपणी या क्रिया, आणि पाऊस हे दैव. पाऊस नाही तर बाकीचे चार असून बाजरी नाही. पण पाऊस धो धो पडला आणि पेरलेच नाही, तरीही बाजरी नाही. देवाने पाचांत कर्ता वेगळा मोजला, हे ध्यानात धरावे. कर्ता एकटाच सारे करतो असे म्हणणारा अहंकारी, असे पुढे सोळाव्या श्लोकात म्हटले आहे. पण कर्ता नाहीच, असे कोठेही म्हटलेले नाही.

कोणी म्हणेल, मग देवाची सत्ता एक पंचमांश उणी झाली की! तसे नव्हे. विहिरीवरची मोटार विजेवर चालते. वीज गेली तर मोटारीचा लोखंडाचा गोळा. म्हणजे पाण्याचा एकेक थेंब विजेच्याच बळावर वर येतो. पण ते पाणी कांद्याला द्यायचे, घासाला द्यायचे, की रात्री गुपचूप शेजाऱ्याच्या उभ्या पिकात सोडून त्याचे नुकसान करायचे, हे वीज ठरवत नाही. बळ सगळे तिचे, आणि वळण आपले. त्याचप्रमाणे त्या पोराचे पाय ज्या शक्तीने चालतात ती शक्ती देवाची, यात शंका नाही. गुत्त्याकडे वळायचे की घराकडे, हे वळण त्याचे. ‘त्याच्या इच्छेवाचून पान हालत नाही’ याचा अर्थ त्याच्या सत्तेवाचून हालत नाही. जे जे हालते ते ते त्याला आवडते, असा अर्थ कोणी केला तर जगातले प्रत्येक पाप देवाच्या नावावर जमा होईल. मी त्या रात्री म्हातारीपुढे हाच घोटाळा केला होता.

येथपर्यंत बुद्धीचे समाधान होते. पण म्हातारीचा दुसरा प्रश्न याहून अवघड. वळण माणसाच्या हाती दिले हे खरे, पण दिले कशाला? ज्याला सूर्यचंद्र फिरवता येतात त्याला एका ऊसतोड्याचे मन फिरवणे जड आहे काय? त्याने तेवढे का करू नये?

मढीच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो, हे आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिले असेल. गाढव मोठे कामाचे जनावर. पाठीवर माती लादा, विटा लादा, ते निमूट चालते. धन्याची आज्ञा त्याने मोडली असे फारसे होत नाही. आता त्याच्याच पाठीवर उद्या कोणी पूजेची फुले लादून पंढरपुरास नेली, तर गाढवाने वारी केली असे आपण म्हणू काय? आणि तिकडे एखादी साठीची बाई डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन दिंडीत चालते, पायाला फोड आलेले असतात, तिला आपण वाकून नमस्कार करतो. ओझे दोघांच्या अंगावर आहे. फरक इतकाच की तिला घरी राहता आले असते. तिने मनाने वारी धरली, आणि ‘नको’ म्हणणे हाती असताना ‘येते’ म्हणाली. देवाला निमूट चालणारेच हवे असते तर त्याने गाढवे घडवून हात धुतले असते, माणूस घडवण्याच्या खटपटीत तो पडला नसता.

धाकाने वाकलेली मान आणि प्रेमाने वाकलेली मान, लांबून सारखीच दिसते. पण जिच्यापुढे वाकायचे त्याला अंतरातला भेद कळतो. दिलेल्या औषधाच्या गुंगीत एखाद्या लेकराने ‘आई, तू मला आवडतेस’ असे म्हटले तर कोणती आई ते ऐकून सुखावेल? ती म्हणेल, शुद्धीवर येऊ दे, मग बोलू दे. देवही आपल्याला शुद्धीवर असताना बोलू देतो. आणि शुद्धीवर असलेला माणूस ‘नाही’ही म्हणू शकतो, ही त्यातली जोखीम. जेथे ‘नाही’ म्हणण्याची वाटच बंद केली, तेथल्या ‘होय’ला प्रेम म्हणता येत नाही.

ही जोखीम देवाने स्वतःवर घेतली, हे महाभारतात पहावे. युद्धाच्या आधी दुर्योधन आणि अर्जुन दोघेही द्वारकेस गेले. एकीकडे माझी सेना आणि एकीकडे निःशस्त्र मी, काय हवे ते निवडा, असे भगवंतांनी सांगितले. त्रैलोक्याचा धनी स्वतःला असा पारड्यात घालून बसला! अर्जुनाने त्याला घेतले. दुर्योधनाला सेना मिळाली म्हणून आनंद झाला. पुढे भगवंत शिष्टाईला हस्तिनापुरास गेले. पाच गावे तरी द्या, इथपर्यंत गोष्ट खाली आणली. दुर्योधनाने सुईच्या अग्राएवढी भूमी नाकारली, उलट त्यांनाच बांधण्याचा बेत केला. भगवंतांनी आपले रूप दाखवले, सभा दिपली, पण दुर्योधनाचे मन त्यांनी मुठीत धरून पिळले नाही. समजावले, भय दाखवले, आणि नकार घेऊन परत आले. अठरा अक्षौहिणी सेनेचा नाश पुढे दिसत असताना परत आले. म्हातारी म्हणते, तो मन का फिरवत नाही. माय, त्याने दुर्योधनाचेसुद्धा फिरवले नाही, आणि विनवण्या मात्र शेवटपर्यंत केल्या.

आता आपल्या पांडुरंगाकडे पहा. पुंडलिकाने वीट फेकली आणि देव तीवर उभा राहिला. आई-बापांची सेवा चालली आहे, थांब जरा, असे भक्ताने सांगितले आणि देव थांबला. गदा उगारलेली नाही, धनुष्य नाही. हात कमरेवर. भवसागर भक्ताला कमरेएवढाच खोल आहे असे देव दाखवतो, हा या हातांचा अर्थ आपण ऐकत आलो आहोत, आणि तो खराच आहे. त्याच्या जोडीला मला आणखी एक अर्थ सुचतो. ज्याचे हात कमरेवर आहेत तो कोणाला धरून ओढीत नाही. तो आहे तेथे आहे, डोळे वाटेकडे, आणि चालायचे ते भक्ताने. म्हणूनच आपल्या पंथात वारीला एवढे महत्त्व. आषाढीला लाखो माणसे चालत जातात. त्यांना कोणी समन्स काढलेले नसते. माळ घालताना नेम घ्यायचा तो ज्याचा त्याने घ्यायचा. देव उभा, आणि भक्त चालता, हा आपल्या पंथाचा सारा सिद्धांत आहे.

येथे एखादा वेदान्ती मध्येच अडवील. म्हणेल, बुवा, सर्व ब्रह्मच आहे. दुसरा कोणी नाहीच, तर प्रेम कोणी कोणावर करायचे, आणि स्वातंत्र्य द्यायचे तरी कोणाला? याचे उत्तर माउलींनी अमृतानुभवात देऊन ठेवले आहे. एकाच डोंगराच्या खडकात देव कोरतात, देऊळ कोरतात आणि देवाचा परिवारही कोरतात. वेरूळला जाऊन आलेल्यांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे. खडक एकच म्हणून काय मूर्तीपुढे हात जोडलेला सेवक खोटा ठरतो? तसा अद्वैतातही भक्तीचा व्यवहार होतो. एकाने दोन होऊन सुख भोगावे, ही त्याची हौस. तुकोबांनी तर मोक्षाकडे पाठ फिरवून पुन्हा गर्भवास पत्करला, तो या प्रेमासाठीच.

पण मी येथे थांबलो तर म्हातारी मला पुन्हा गाठील आणि विचारील, “पोरानं प्रेम करावं का न्हाई, त्याची त्याला मोकळीक. पन माझी सून मार खाते, तिचं काय? त्याच्या मोकळिकीचं मोल तिनं का द्यावं?” सज्जनहो, हा प्रश्न मी टाळणार नाही, आणि त्याचे पुरते उत्तर माझ्याजवळ आहे असेही म्हणणार नाही. मला इतके कळते की देवाने मोकळीक मारणाऱ्या एकट्यालाच दिलेली नाही. शेजाऱ्यांना दिली, भावकीला दिली, गावाला दिली, टाळ वाजवणाऱ्या आम्हालाही दिली. उगारलेला हात धरण्याची शक्ती आमच्या हातांत घालून ठेवली आहे. आम्ही ती न वापरता, देव का येत नाही, म्हणून विचारतो. कोणाच्या अंतःकरणावर जबरदस्ती करू नये हे खरे. पण उगारलेला हात अवश्य धरावा. सुनेने माहेरी जाणे हा अधर्म नव्हे. तिला आणि लेकरांना वाचवणे हे त्या पोरावरच्या प्रेमाच्या आड येत नाही. उलट, त्याच्या हातून आणखी पाप घडू न देणे हे त्याच्यावरचे प्रेमच आहे.

या बाबतीत आपल्या पंढरपुरानेच आपल्याला धडा दिला आहे. चोखोबा देवाचे केवढे लाडके! पण देवळाच्या आत त्यांना आपण येऊ दिले नाही. इसवी सन १३३८ मध्ये मंगळवेढ्यास कूस कोसळून त्यांचा अंत झाला, आणि पंढरीस महाद्वाराबाहेर त्यांची समाधी झाली. त्यांच्या मागून आलेल्या त्यांच्या भाईबंदांना आणखी सहाशे वर्षे दार बंद राहिले. देव आत उभाच होता. त्याला दार उघडता आले नसते काय? पण दार आम्ही लावले होते, आणि ते आम्ही उघडावे यासाठी तो थांबला. १९४७ साली साने गुरुजी कित्येक महिने गावोगाव फिरून लोकांची मने वळवीत होते, आणि मग १ मे रोजी त्यांनी पंढरपुरात उपोषण मांडले. १० मे रोजी ते सुटले. मंदिरप्रवेशाचा मुंबई सरकारचा कायदाही १९४७ चाच. कायदा पाहिजे होता, कारण कायदा अडवणारा हात धरतो. पण कायद्याने दार उघडते, मन उघडत नाही. त्यासाठी गुरुजींना वणवण फिरावे लागले आणि उपाशी राहावे लागले. देव सहाशे वर्षे थांबला याचा दोष देवावर घालण्याआधी, आपण सहाशे वर्षे लावली याची लाज आपल्याला वाटली पाहिजे.

आणखी एक शंका. दारूत बुडालेला माणूस मोकळा असतो तरी काय? पहिला पेला तो घेतो, पुढचा पेला त्याला घेतो, हे आपण पाहतो. खरे आहे. मोकळीक ही सर्वांना, सर्वकाळ सारखी नसते. वापराल तशी ती वाढते किंवा आटते. रोज पहाटे उठणाऱ्याला उठणे सोपे जाते. रोज हरणाऱ्याचा पाय आपोआप उताराला लागतो. व्यसन हा मनाचा दोष आहे तसा शरीराचा रोगही आहे, असे वैद्यकशास्त्र आज सांगते, आणि त्यावर उपचार होतात. म्हणून अशा माणसाला नुसता उपदेश करणे म्हणजे पाय मोडलेल्याला चालायला सांगण्यासारखे आहे. त्याला दवाखान्यात नेणे, सोबत बसणे, संगत तोडून देणे, ही जबरदस्ती नव्हे. हरवलेली मोकळीक त्याला परत मिळवून देणे आहे. पण तेथेही एक क्षण असा येतो की ‘चल’ म्हणून हात पुढे केल्यावर तो हात त्यालाच धरावा लागतो. तो क्षण देवानेही स्वतःकडे घेतलेला नाही.

आता ‘सर्व देवाची इच्छा’ हे वाक्य टाकूनच द्यायचे काय? मुळीच नाही. ते अमृतासारखे वाक्य आहे, पण कोणाच्या तोंडी आणि केव्हा, हे पाहिले पाहिजे. दुर्योधनाच्या तोंडी घातलेले एक बोलणे प्रसिद्ध आहे: धर्म काय ते मला कळते, पण माझ्याकडून होत नाही, हृदयात कोणी देव बसला आहे तो करवील तसे मी करतो. शब्दांत पाहिले तर गीतेतल्या एकसष्टाव्या श्लोकासारखेच! पण दुर्योधन ते निमित्त म्हणून वापरतो. कळते पण वळत नाही, आणि न वळण्याचा दोष देवावर. अर्जुनानेही हृदयस्थ ईश्वराची गोष्ट ऐकली, पण शेवटी तो काय म्हणाला? माझा मोह गेला, आता तुझे वचन पाळीन. ‘पाळीन’ म्हणायला कर्ता उरावा लागतो. एकच सिद्धांत ऐकून एकाने अंग काढून घेतले आणि दुसऱ्याने अंग झोकून दिले.

तसेच भागवताच्या एकादश स्कंधात अवंतीच्या कदर्यूची कथा आहे, तिचा नाथमहाराजांनी तेविसाव्या अध्यायात विस्तार केला आहे. सारे धन गेले, लोकांनी छळले, अंगावर थुंकले, आणि तो भिक्षु म्हणतो की माझ्या सुखदुःखाला लोक कारण नाहीत, ग्रह नाहीत, काळ नाही. माझे मनच कारण आहे. केवढी शांती! पण हे तो स्वतःविषयी, स्वतः म्हणतो. छळणाऱ्यांपैकी एखाद्याने किंवा बाजूला उभे राहून पाहणाऱ्याने त्याला ‘तुझे मनच कारण, भोग आता’ असे म्हटले असते, तर तेच वाक्य निष्ठुरपणाचे झाले असते. मी त्या म्हातारीला ‘प्रारब्ध’ म्हणालो तो असाच बाजूला उभा राहून. यातून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे, तो वाचकांपुढे ठेवतो. आपल्याला यश आले तर म्हणावे, देवाची कृपा. आपल्यावर दुःख आले तर ते सोसायला म्हणावे, देवाची इच्छा. आपल्या हातून पाप घडले तर म्हणावे, माझी चूक. आणि दुसऱ्याच्या दुःखापुढे यांतले काहीच म्हणू नये. जवळ बसावे आणि होईल ती मदत करावी.

शेवटी राहिली प्रार्थना. देव मन फिरवीत नाही, तर मग त्या माउलीने मागावे तरी काय? माउलींनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदान मागितले ते आठवा. दुष्टांना मारा, असे त्यांनी मागितले नाही. दुष्टांना बांधून सरळ चालवा, असेही नाही. त्यांच्यातले वाकडेपण जावे आणि सत्कर्माची आवड त्यांच्यात वाढावी, हे मागितले. आवड ही बाहेरून घालता येत नाही, ती आतून उगवते. पण उगवायला ऊन-पाणी लागते, आणि प्रार्थना, संगत, आईचे डोळे, हे ते ऊन-पाणी आहे. आणि ताटीची कथा तर आपल्या लेकराबाळांनाही ठाऊक आहे. ज्ञानोबा रुसून ताटी लावून आत बसले. बाहेर धाकटी मुक्ताई. झोपडीची ताटी ती केवढी! एका लाथेत मोडली असती. पण मुक्ताईने ती मोडली नाही, बाहेर उभी राहून विनवीत राहिली. मोडून आत गेली असती तर तिला भाऊ मिळाला असता, पण रुसलेलाच. आतून ताटी उघडली तेव्हा ज्ञानोबा मिळाले.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या आधी, मी पत्ता विचारीत त्या म्हातारीच्या घरी गेलो. ती चुलीपुढे होती. मी म्हटले, “माय, परवा मी तुला चुकीचे सांगितले. तुझे पोरगे गुत्त्याला जाते ते देवाच्या इच्छेने नाही. देवाला त्याचे तुझ्याइतकेच वाईट वाटत असेल.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तसं आसंल तर बरं. मला वाटाया लागलं व्हतं, देवच माझ्या लेकाच्या वाईटावर हाय.”

मी तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्याविषयी सांगितले, सोबत यायची तयारी दाखवली. सुनेला एवढ्यात परत बोलावू नको, हेही सांगितले. ती म्हणाली, “न्हाई बोलवत. तिकडं लेकरं साळंत जात्यात.” मग भाकरी थापता थापता आपणहून सांगू लागली, “म्या त्याला पैका देत न्हाई, म्हाराज. शिव्या देतो, तरी न्हाई देत. पन भाकर झाकून ठिवते. आन् रातच्याला दाराला कडी लावत न्हाई.”

“येतो का?”

“येतो कवातरी. कवा न्हाई बी येत.”

चुलीच्या उजेडात मी त्या दाराकडे पाहिले. पत्र्याचे दार, आतून कडी होती, पण ती लावलेली नव्हती. तेथून मांडवात परत आलो तेव्हा काल्याचे कीर्तन सुरू झाले होते.

हे लिहीपर्यंत तो पोरगा सुधारला असे मला कळलेले नाही. एकदा दवाखान्यापर्यंत आला, आणि अर्ध्यातून उठून गेला, एवढे कळले. पुन्हा जायचे ठरले आहे. वाचकांनी आपल्या नित्यपाठानंतर त्याच्यासाठी आणि आपापल्या गावातल्या अशा सर्वांसाठी एकवार हात जोडावेत, ही विनंती.

राम कृष्ण हरि.